बावीस हजारांचं लक्ष्य

२० ऑक्टोबर २००६ रोजी पॅरिसमधल्या ‘मेझों द ला शिमी’ या सभागृहात फ्रान्स टेलिकॉमचे वरिष्ठ अधिकारी जमले होते. कंपनीचे प्रमुख दिदिए लोम्बार बोलायला उभे राहिले. तीन वर्षांत २२,००० माणसं कमी करायची होती आणि हे काम ठरल्या वेगानं होत नव्हतं. २००७ साली ही माणसं मी या ना त्या वाटेनं बाहेर काढीन, दारातून किंवा खिडकीतून, असं ते म्हणाले. त्या सभेचा वृत्तान्त लिहून ठेवला गेला. जवळजवळ तेरा वर्षांनी तो फौजदारी न्यायालयापुढे पुरावा म्हणून आला.

बिघडलेल्या कंपनीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर एखादा तापट साहेब उभा राहतो. तो चारचौघांत पाणउतारा करतो, रात्री अकराला फोन करतो, रजेचा अर्ज भिरकावून देतो. असे साहेब आहेत आणि ते पुष्कळांचं आयुष्य नासवतात. पण साहेबाची बदली झाली की त्याच्या हाताखालची माणसं मोकळा श्वास घेतात. फ्रान्स टेलिकॉममध्ये साहेब बदलून काही फरक पडत नव्हता, कारण त्रास एखाद्याच्या स्वभावात नव्हता. तो योजनेत आखलेला होता आणि त्याला आकडा, मुदत आणि बोनस होता. या पुस्तकात या कंपनीला मी स्वतंत्र प्रकरण देतो आहे ते याचसाठी. माणसांना नकोसं करून घालवणं हे एका मोठ्या कंपनीचं धोरण होतं, हे इथे कागदोपत्री सिद्ध झालं.

ही कंपनी मुळात सरकारी टपाल आणि तार खात्याचा भाग होती. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षं ताटकळत असत. याच खात्यातल्या अभियंत्यांनी आणि लाइनमननी काही वर्षांत देशभर जाळं विणलं आणि १९८० च्या दशकात घरोघरी ‘मिनिटेल’ पोहोचवलं. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी फ्रेंच माणूस त्या छोट्या पडद्यावर रेल्वेचं तिकीट काढत होता. परीक्षा देऊन आत आलेल्या या माणसांना आपल्या कामाचा मोठा अभिमान होता. वादळात तुटलेली तार जोडून दूरच्या गावाचा फोन पुन्हा सुरू करणं याला ते सार्वजनिक सेवा मानत.

१९९७ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. २००० साली तिनं व्होडाफोनकडून ‘ऑरेंज’ ही मोबाइल कंपनी अफाट किंमत मोजून घेतली आणि २००२ पर्यंत तिच्यावरचं कर्ज ७० अब्ज युरोंच्या घरात गेलं. हे कर्ज लाइनमननं केलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या निर्णयांची किंमत खालच्या मजल्यावर वसूल होते, ही रोगट कंपनीची पहिली खूण मी मानतो, आणि इथे ती ठळक दिसते. २००४ मध्ये सरकारचा हिस्सा निम्म्याखाली आला आणि फ्रान्स टेलिकॉम खाजगी कंपनी झाली. पण तिच्या फ्रान्समधल्या सव्वा लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांचा दर्जा सरकारी नोकराचाच राहिला. त्यांना कामावरून काढता येत नव्हतं. मुदतपूर्व निवृत्तीची एक चांगली योजना दहा वर्षं चालू होती, तीही २००६ अखेर संपत होती.

म्हणजे कंपनीला काढता न येणारी माणसं काढायची होती. कायद्यानं निरोप देता येत नसेल, तर माणसानं आपणहून जावं अशी परिस्थिती निर्माण करणं एवढाच मार्ग उरत होता. ‘नेक्स्ट’ नावाच्या तीन वर्षांच्या योजनेनं तो घेतला. २२,००० जाणार, १०,००० जणांचं काम बदलणार आणि ६,००० नवे येणार, असं त्यात ठरलं.

आता हा आकडा खाली कसा उतरला ते बघा. प्रमुखाचा आकडा विभागांत वाटला गेला, विभागाचा प्रदेशांत, प्रदेशाचा युनिटमध्ये. प्रत्येक पायरीवरच्या अधिकाऱ्याच्या वाट्याला ‘इतकी माणसं कमी’ असं टार्गेट आलं आणि त्याच्या पगारातला बदलता भाग त्या टार्गेटशी बांधला गेला. हाताखालचा माणूस टिकला तर साहेबाचं नुकसान आणि तो गेला तर फायदा, असं गणित तयार झालं. एवढी व्यवस्था लावल्यावर कुणाला छळ करायला वेगळं सांगावं लागत नाही.

मग जे सुरू झालं ते न्यायालयात कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी सांगितलं. वीस-पंचवीस वर्षं खांबावर चढलेल्या तंत्रज्ञाला कॉल सेंटरमध्ये बसवून कानाला हेडफोन लावला आणि संगणकावर लिहिलेली वाक्यं ग्राहकाला वाचून दाखवायला सांगितली. कुणाची एका पाठोपाठ एक बदली झाली. कुणाच्या हातातलं काम काढून घेतलं आणि बदल्यात काहीच दिलं नाही. बाहेर कुठे नोकरी आहे, स्वतःचा छोटा धंदा कसा काढता येईल, असे मेल वारंवार येत राहिले. अधिकाऱ्यांनीही एका जागी तीन वर्षांहून जास्त राहू नये असा दंडक होता, त्यामुळे हाताखालची माणसं नीट ओळखणारा अधिकारीच उरत नव्हता. सुटी बघितली तर यातली कुठलीही गोष्ट किरकोळ वाटेल. बदली सगळीकडे होते, कामही बदलतं. तक्रार करायला गेलेल्या माणसालाही नेमकी कशाची तक्रार करायची ते सांगता येत नसे.

अधिकाऱ्यांना यासाठी प्रशिक्षण दिलं गेलं आणि त्यातली एक गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करते. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी मरणासन्न रुग्णांशी बोलून १९६९ साली एक मांडणी केली होती. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार अशा टप्प्यांतून माणूस मृत्यूला सामोरा जातो, अशी ती मांडणी. मरणाऱ्या माणसाचं डॉक्टरांनी ऐकून घ्यावं, त्याला एकटं टाकू नये, यासाठी त्यांनी ते काम केलं. फ्रान्स टेलिकॉमच्या प्रशिक्षणात तोच आलेख अधिकाऱ्यांना दाखवला गेला, बदलाला कर्मचारी कसा प्रतिसाद देतो ते समजावण्यासाठी. म्हणजे माणसं खचतील हे आधीच गृहीत होतं. समोरचा तंत्रज्ञ गप्प झाला, जेवेनासा झाला, डोळ्याला डोळा भिडवेनासा झाला, तर आलेखावर ते फक्त एक स्थानक होतं. पुढचं स्थानक स्वीकाराचं, म्हणजे राजीनाम्याचं. दुःख हा थांबण्याचा इशारा असतो. इथे ते योजना नीट चालल्याचं चिन्ह ठरलं.

हे करणारे मधले अधिकारी दुष्ट होते का? त्यांतले पुष्कळसे त्याच खात्यात वाढलेले आणि त्याच माणसांबरोबर जेवणारे होते. पॅरिसचे मनोविकारतज्ज्ञ क्रिस्तोफ दजूर यांनी १९९८ साली एका पुस्तकात नेमका हा प्रश्न घेतला होता: सरळ, पापभीरू माणसं दुसऱ्यावरच्या अन्यायात सामील कशी होतात? त्यांच्या मते यामागे भीती असते, आणि भीती झाकणारं कणखरपणाचं कौतुकही असतं. जो माणसं कमी करू शकतो तो खंबीर आणि ज्याचा हात थरथरतो तो कच्चा, असं वातावरण असलं की सज्जनही आपला थरकाप लपवतो. ‘वरून आदेश आहे, मी काय करू?’ हे वाक्य आपल्याकडच्या कचेऱ्यांतही रोज ऐकू येतं. ते बहुतेकदा खरं असतं. मात्र अशा खऱ्या वाक्यांची साखळी जोडत गेलं की वरच्या टोकाला आकडा उरतो, खालच्या टोकाला माणूस उरतो आणि मध्ये कुणीच जबाबदार नसतो.

इथे वाचक हमखास विचारतो, एवढा त्रास होता तर नोकरी सोडली का नाही? हा प्रश्न घरातही विचारला जातो, आणि त्रास सोसणाऱ्याला तो दुसऱ्या जखमेसारखा लागतो. त्यांतल्या पुष्कळांचं वय पंचेचाळीस ते पंचावन्न होतं. खांबावरच्या तारांचं कसब बाजारात कुणी विकत घेत नव्हतं. घराचे हप्ते, मुलांचं शिक्षण, जोडीदाराची त्याच गावातली नोकरी, काही वर्षांवर आलेलं पेन्शन हे सगळं त्या एका दर्जाला बांधलेलं होतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो आहोत, आणि त्यात शहाणपण आहे. याहून खोलवरचं कारण असं की नोकरी त्यांच्यासाठी पगारापुरती नव्हती. आपण कोण, याचं उत्तर तिच्यात होतं. ती सोडणं म्हणजे कंपनी म्हणत होती ते कबूल करणं: आपण नकोसे आहोत, आपल्या पंचवीस वर्षांना किंमत नाही. राहायचं तर रोज अपमान आणि जायचं तर आयुष्यभराच्या कामावर पाणी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

अशा वेळी माणूस दोष स्वतःला देऊ लागतो. ‘माझ्याच्यानं होत नाही, मीच कमी पडतो.’ शेजारच्या टेबलावरचाही हेच मनात म्हणत असतो आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ही कोंडी फोडायला जून २००७ मध्ये दोन कामगार संघटना एकत्र आल्या. त्यांपैकी ‘स्यूद’ डावी आणि लढाऊ, तर ‘सेएफउ-सेजेसे’ अधिकाऱ्यांची आणि मवाळ. एरवी त्यांचं एकमेकींशी पटणं अवघड. दोघींनी मिळून तणाव आणि सक्तीच्या बदल्यांवर लक्ष ठेवणारी वेधशाळा उभी केली. तिनं प्रश्नावल्या काढल्या, शास्त्रज्ञ बोलावले, बदल्यांच्या हकिकती गोळा केल्या आणि डॉक्टरांच्या नोंदी मांडल्या. कंपनीतल्या डॉक्टरांनीही वरिष्ठांना लेखी इशारे दिले. कंपनीनं ते मनावर घेतलं नाही. २००८ अखेर २२,००० चं लक्ष्य पुरं झालं आणि कागदावर योजना यशस्वी ठरली.

जुलै २००९ मध्ये मार्सेयमधल्या एका कर्मचाऱ्यानं आयुष्य संपवलं. आपल्या मृत्यूला फ्रान्स टेलिकॉममधलं काम हेच एकमेव कारण आहे, असं त्यानं पत्रात लिहून ठेवलं होतं. त्यानंतर देशाचं लक्ष तिकडे वळलं. २००८ आणि २००९ मिळून कंपनीतल्या ३५ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद झाली. सप्टेंबर २००९ मध्ये लोम्बार पत्रकारांसमोर आत्महत्यांची ‘फॅशन’ थांबवण्याबद्दल बोलले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्या शब्दाबद्दल माफी मागावी लागली. मृतांच्या घरच्यांनी तो शब्द विसरावा अशी अपेक्षा कुणी करू नये.

त्या वेळी एक वाद झाला, तो समजून घेण्यासारखा आहे. लाखभर माणसांच्या कंपनीत दोन वर्षांत ३५ हे प्रमाण फ्रान्सच्या सरासरीहून जास्त ठरत नाही, असं संख्याशास्त्राच्या जाणकारांनी दाखवून दिलं. हिशेब म्हणून त्यात तथ्य होतं. पण त्यावरून कंपनी निर्दोष ठरत नाही. सरासरी सांगते की एकूण किती. कुणाचं काय झालं आणि कशामुळे झालं, हे ती सांगत नाही. पुढे न्यायालयानंही एकूण आकड्याच्या मागे न लागता ३९ माणसांची प्रकरणं एकेक करून तपासली. त्यांत १९ मृत्यू, १२ आत्महत्येचे प्रयत्न आणि ८ जणांचं नैराश्य वा आजारपण होतं. या माणसांचं काय केलं गेलं, कुणाच्या सांगण्यावरून आणि कुठल्या योजनेखाली, एवढं विचारलं गेलं.

त्या शरद ऋतूत कंपनी हलली. लोम्बार यांचे उजवे हात लुई-पिएर वेनेस यांना ऑक्टोबरमध्ये बाजूला केलं गेलं, सक्तीच्या बदल्या थांबवल्या आणि सर्व कर्मचाऱ्यांना प्रश्नावली दिली. जवळजवळ ८० हजार जणांनी ती भरून दिली. इतका मोठा प्रतिसाद म्हणजे विचारलं जाण्याची वाट बघत बसलेली माणसं. पूर्वी या कंपनीचा अभिमान वाटायचा असं बहुतेक सगळ्यांनी लिहिलं. आजही वाटतो असं म्हणणारे निम्म्याहून कमी होते. मार्च २०१० मध्ये स्तेफान रिशार मुख्य कार्यकारी झाले आणि २०१३ साली कंपनीचं नाव ऑरेंज झालं.

आमच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, असं अशा प्रत्येक प्रकरणात वरची माणसं सांगतात. म्हणून मुंबईच्या वाचकाला ओळखीचं एक उदाहरण देतो. एमटीएनएल आणि बीएसएनएल यांचीही अशीच अवस्था झाली होती: जुनं सरकारी खातं, मोबाइलनं खाल्लेला धंदा, कर्ज आणि पन्नाशीतले कर्मचारी. २०१९ मध्ये, पॅरिसला खटला चालला त्याच वर्षी, सरकारनं पन्नास वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली. बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक आणि एमटीएनएलचे सुमारे १४ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले. त्या वर्षी त्यांचे पगार लांबले होते आणि राहून काय होईल याची धास्तीही होती, त्यामुळे ‘स्वेच्छा’ किती जणांची होती यावर वाद घालता येईल. पण जाणाऱ्याच्या हातात रकमेचा आकडा होता, तारीख होती, घरी बसून हिशेब करायला वेळ होता. काही आठवड्यांत ९० हजारांहून अधिक माणसं पैसे देऊन कमी करता आली. फ्रान्स टेलिकॉमला हा खर्च टाळायचा होता, म्हणून तो कर्मचाऱ्यांच्या मनावर टाकला गेला.

खटला उभा राहिला तो २००२ च्या कायद्यामुळे. मारी-फ्रान्स इरिगोयेन या मनोविकारतज्ज्ञ बाईंचं मानसिक छळावरचं पुस्तक १९९८ साली आलं आणि फ्रान्समध्ये ते अमाप खपलं. चार वर्षांत फ्रेंच संसदेनं कामाच्या जागी होणारा मानसिक छळ हा फौजदारी गुन्हा ठरवला. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात एक छळणारा आणि एक छळला जाणारा, अशी समोरासमोरची जोडी होती. डिसेंबर २००९ मध्ये ‘स्यूद’नं तक्रार केली तेव्हा प्रश्न पडला की पॅरिसच्या मुख्यालयात बसलेल्या प्रमुखानं मार्सेयच्या तंत्रज्ञाचं तोंडही पाहिलेलं नाही, तर त्यानं त्याला छळलं कसं? सरकारी कामगार निरीक्षकांनी कागद मिळवले, अहवाल दिला आणि तपास वर्षानुवर्षं चालला.

६ मे २०१९ रोजी खटला सुरू झाला आणि २० डिसेंबरला निकाल आला. लोम्बार, वेनेस आणि मनुष्यबळ विभागाचे प्रमुख ऑलिव्हिए बार्बेरो दोषी ठरले. प्रत्येकी एक वर्ष कैद, त्यातले आठ महिने स्थगित, आणि १५,००० युरो दंड. कंपनीला कायद्यातला कमाल दंड झाला, ७५,००० युरो. दोष २००७ आणि २००८ या दोन वर्षांपुरता मानला गेला. माणसं कमी करण्याचं ठरवणं हा गुन्हा नव्हे, पण त्यासाठी वापरलेली साधनं निषिद्ध होती, असा निकालाचा रोख होता. कंपनीनं अपील केलं नाही. लोम्बार आणि वेनेस यांनी केलं, आणि ३० सप्टेंबर २०२२ च्या निकालात त्यांचा दोष कायम राहिला, पण कैद संपूर्ण स्थगित झाली. दोघांपैकी कुणीच तुरुंगात गेलं नाही. मृतांच्या घरच्यांना हे पचवणं जड गेलं असेल, आणि मलाही ते जड जातं.

तरीही २१ जानेवारी २०२५ हा दिवस मोलाचा आहे. त्या दिवशी फ्रान्सच्या सर्वोच्च फौजदारी पीठानं या दोघांचं शेवटचं अपील फेटाळलं आणि कंपनीचं धोरणच छळ ठरू शकतं हे मान्य केलं. छळणाऱ्यानं छळलेल्याला ओळखलं पाहिजे, त्याच्याशी त्याचा थेट संबंध असला पाहिजे, ही अट उरली नाही. कर्मचाऱ्यांची परिस्थिती बिघडवणारं धोरण जाणूनबुजून राबवणं एवढं पुरेसं ठरलं.

आपल्याकडे २०१३ पासून कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा आहे. मानसिक छळासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्रानं मात्र फार पूर्वी एक पाऊल टाकलं होतं. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध यासाठीच्या १९७१ च्या राज्य कायद्यात अनुचित प्रथांची यादी आहे, आणि व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूनं केलेली बदली तिच्यात नोंदलेली आहे. फ्रान्स टेलिकॉममध्ये जे घडलं त्यातला मोठा भाग या एका नोंदीत बसतो. गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या महाराष्ट्रात लढून मिळवलेलं हे कलम आहे. पण ते कायद्याच्या व्याख्येतल्या कामगारासाठी आहे. व्यवस्थापकीय काम करणारा त्या व्याख्येत येत नाही. हिंजवडीतल्या ज्या अभियंत्याच्या नावापुढे ‘मॅनेजर’ लागलं आहे, त्याला आपण कामगार आहोत हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं.

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत राजीनामा मागून घेतला जातो, अशा तक्रारी कामगार खात्याकडे गेलेल्या आहेत. राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढंच लिहिलं जातं आणि नोटीस, नुकसानभरपाई, चौकशी हे सगळं त्या दोन शब्दांत संपतं. फ्रान्सचा खटला टिकला तो कागदांवर: बैठकीचे वृत्तान्त, प्रशिक्षणाचे आलेख, बोनसची सूत्रं, डॉक्टरांचे इशारे आणि दोन संघटनांनी त्रास चालू असतानाच तारीखवार जमवलेल्या नोंदी. यातला पहिला भाग कंपनीनं स्वतःच लिहून ठेवला होता. दुसरा मात्र कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी बोलायला सुरुवात केली म्हणून तयार झाला, मृत्यूंची बातमी देशभर गाजण्याच्या दोन वर्षं आधी.